निवळशंख आबा

पांझरेचा पूल ओलांडून देवपुरात शिरलं की वाडीभोकर रोडच्या दोन्ही अंगांना कॉलन्या लागतात, आणि दर दोन-तीन कॉलन्यांमागे एक आबा असतात. पाटबंधारे नाहीतर बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले, पेन्शन वेळेवर येणारे, गुडघे अजून शाबूत असलेले. अंगणात तुळस आणि बोअर यांच्या मधल्या जागेत त्यांनी हौद बांधलेला असतो. हौदात मासे. मासे जपानी, कोई जातीचे. पाणी मात्र अस्सल धुळ्याचं, मे महिन्यात पालकाच्या पातळ भाजीसारखं दिसणारं.

पाहुणा वाकून मासे शोधायला लागला की आबा त्याचा दंड धरतात. "मासे काय, दिसतील कधीतरी. आधी हे बघा." हे म्हणजे दोन निळे ड्रम. आबांनी पाळलेत मासे, पण जीव जडलाय तो ड्रमवर.

ड्रम भंगारातले, दोनशे लिटरचे. पहिल्यात पाणी कडेने तिरकं सोडलेलं, म्हणजे ते गोल फिरतं आणि गाळ मधे तळाशी बसतो. तळाला कॉक, सकाळी तो उघडून काळं पाणी पपईच्या आळ्यात सोडायचं. या सगळ्या खटाटोपाचा आजवरचा निर्विवाद लाभार्थी म्हणजे ती पपई. दुसऱ्या ड्रममध्ये आबांची विद्वत्ता. आग्रा रोडवरून आणलेल्या प्लास्टिकच्या घासण्या, त्याखाली ठिबकच्या सोळा एमएम नळीचे बोटभर तुकडे, तेही काकूंच्या भाजीच्या कात्रीने कापलेले. ठिबकचं जळगाव शेजारी असताना जिवाणूंच्या घरासाठी बाहेरून महागडं सामान कशाला मागवायचं, हा आबांचा सवाल. वर कूलरचा जुना पंप. कूलर त्यामुळे गेला उन्हाळाभर नुसता वारा घालत होता, तोही गरम.

"मनी घासणी कोठे गयी?" असा आवाज स्वयंपाकघरातून आला की आबा विषय विश्वेश्वरय्यांवर नेतात. १८८४ साली नोकरीला लागलेल्या विश्वेश्वरय्यांनी सुरुवातीलाच याच खानदेशात, पांझरेच्या एका कालव्यासाठी पाइपांचा सायफन बांधला, हे खरंच आहे. त्या सायफनपासून आपल्या ड्रमपर्यंत एक सरळ रेघ येते, हे आबांचं स्वतःचं संशोधन.

मग जिवाणू. माशांच्या विष्ठेतून, कल्ल्यांतून अमोनिया येतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. ही वस्ती बसायला चार-सहा आठवडे लागतात. हे आबा इतक्या दबक्या आवाजात सांगतात की ड्रममध्ये कुणी झोपलंय असं वाटावं. एकदा कामवाल्या मावशींनी पुण्य लागावं म्हणून त्या घासण्या नळाखाली धरून लख्ख केल्या. नळाच्या पाण्यात क्लोरीन, वस्ती साफ. आबा दोन दिवस जेवले नाहीत, असं गल्लीत सांगतात. काकू म्हणतात, "जेवले. बोलले नाहीत. बरं गेलं."

लाइट गेली की पंप बंद, जिवाणू गुदमरणार. रात्री दोनला आबा बनियनवर अंगणात उभे राहून तांब्यातांब्याने ड्रममध्ये पाणी ओततात. नळाला पाणी येतं काही दिवसांआड. ते येतं त्या दिवशी शेजारी टाक्या भरतात, आबा हौदाचं पाणी थोडं थोडं बदलतात, काकू भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसतात.

एवढं करून पाणी हिरवंच. कारण सोपं आहे: ते हिरवं म्हणजे सुटं, बारीक शेवाळ. घासणीत ते अडकत नाही, आणि खानदेशचं ऊन नि ड्रममधलं नायट्रेट त्याला दोन वेळचं जेवण घालतात. सावली करा, कमळ लावा, निम्मं काम होतं. शेजारच्या पोराने तसं सांगितलंही, "आबा, वर शेडनेट टाका." आबांनी त्याच्याकडे दयेने पाहिलं. ज्यात एकही कॉक नाही तो उपाय कसला! तुरटी सुचवणाऱ्याला तर हाकललंच. "तुरटीने गाळ बसेल, शेवाळ बसेल, आणि मासेही बसतील!"

मासळीवाली एकदा डोकावून म्हणाली, "हाऊ ते सायप्रिनस शे ना आबा!" तिचं चुकलं नव्हतं. निगाता भागातल्या शेतकऱ्यांनी साध्या कार्पमधूनच ही रंगीत पिल्लं निवडत नेली, आणि १९१४च्या टोकियोच्या प्रदर्शनानंतर ती जपानभर मिरवली. आपल्या बाजारात किलोवर मिळणारा सायप्रिनस त्याच कुळातला. तळ उकरून खाणं हा त्याचा पिढीजात धंदा. म्हणजे पाणी गढूळ करणारा हौदातच पोसायचा आणि निवळायला बाहेर दोन ड्रम लावायचे. आबांना हे कळत नाही असं नाही. खात्यात पस्तीस वर्षं काढलीत त्यांनी.

शेवटी काकूंनीच एका दुपारी दोन जुनी नऊवारी लुगडी दोरीवर आडवी वाळत घातली, ती काढायची विसरल्या. विसरल्या म्हणजे मुद्दाम. पंधरवड्यात पाणी निवळशंख झालं. आबांनी गल्ली गोळा केली. तळाची फरशी दिसत होती, हरवलेला चमचा दिसत होता. काकूंनी मासे मोजले, दोन कमी भरले; आता ते कंपाउंडवरच्या बगळ्यालाही दिसत होते. आबांनी फरशीचे सांधे मोजले आणि "ड्रम नंबर दोन!" असं म्हणून समोरच्यांना टाळी दिली. लुगड्यांचा उल्लेख नाही.

पुढचा आठवडा मात्र आबा उदास. कॉक फिरवायला काही उरलं नव्हतं. रविवारी ते टेप घेऊन शेजाऱ्यांच्या अंगणात माप घेताना दिसले.

"तुमच्याकडे दोन ड्रम आरामात बसतील, भाऊ."

"पण आबा, आमच्याकडे हौद नाही."

"ते नंतर बघू हो."