खाडा कुणाचा?

“मजुरांना शिस्तच राहिली नाही.” बीडमध्ये घर बांधायला काढलेल्या कुणालाही विचारा, हेच ऐकायला मिळेल.

शिस्त बघायचीय? मग स्लॅबच्या दिवशी साइटवर या. मिक्सर सुरू झाला की शेवटचं घमेलं ओतेपर्यंत कुणी हलत नाही. मध्येच थांबलं तर सांधा राहतो आणि पुढे तिथूनच पाणी झिरपतं, हे बिगाऱ्यालाही कळतं. भाकरी उभ्या उभ्या खायची, रात्रीचे दहा वाजले तरी खालून माल वर चाललेलाच.

आणि बाजाराच्या दिवशी, पगाराच्या वेळी, ठेकेदाराचा फोन बंद.

हा खाडा कुठल्या वहीत लिहायचा?

खाडा म्हणजे काय, हे या जिल्ह्याला सांगावं लागत नाही. उसाच्या फडात कामाचा दिवस बुडाला की मुकादम दंड कापतो. २०१९ मध्ये सरकारी समितीपुढे जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी आली. १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली होती. कारणं अनेक, पण खाड्याची धास्ती हे त्यातलं एक. दंडाने आणलेली शिस्त इथवर जाते.

पट्टा पडला, म्हणजे गाळपाचा हंगाम संपला, की यातलीच कितीतरी माणसं गवंड्याच्या हाताखाली येतात. त्यांच्याकडून आता निष्ठा हवी.

त्यांना ती द्यायला कोण तयार आहे?

बांधकाम मजुरांसाठी १९९६ च्या कायद्याने आणलेली सोय आहे. वर्षात ९० दिवस बांधकामावर राबल्याचा दाखला असला की मजुराची कल्याणकारी मंडळात नोंदणी होते. मुलांना शिष्यवृत्ती, अपघात झाला तर घराला आधार. पैसा बांधकामावरच्या १ टक्का उपकराचा, म्हणजे त्याच्याच घामाचा. ठेकेदाराने फक्त सही करायची. ती मागितली की उत्तर येतं, “नंतर बघू.”

वर्षभराची निष्ठा मागणाऱ्याला ९० दिवस लिहून देता येत नाहीत?

आणि कामं रखडतात ती कुणाच्या खाड्याने? नगर-बीड-परळी रेल्वे १९९५ ला मंजूर झाली. बीडहून पहिली गाडी सुटली १७ सप्टेंबर २०२५ ला. ही तीस वर्षं कुणा बिगाऱ्याच्या दांडीने गेली नाहीत. जमीन आणि निधी वेळेवर आला नाही, म्हणून गेली.

तेव्हा हजेरीच्या वहीत पहिलं नाव पैसे देणाऱ्याचं लिहा. बाजाराच्या दिवशी, मजुराची बायको पिशवी घेऊन निघायच्या आत, तो साइटवर हजर हवा.

दुसऱ्या दिवशी मजुराला फोन करावा लागणार नाही.