पडलं काय?

वरणगावात हातातून निसटलेली वस्तू निसटवणाऱ्याच्या मालकीची राहत नाही, ती गल्लीची होते. पूर्वी विहिरीत बादली पडली की ज्याच्या घरी गळ असे त्याला मोठा मान असे. दोराला बांधून गळ आत सोडायचा, आणि काठावर वाकलेल्या प्रत्येकाने ‘डावीकडं घ्या, डावीकडं’ म्हणून ओरडायचं. गोल विहिरीभोवती उभ्या असलेल्या प्रत्येकाची डावी बाजू वेगळी, त्यामुळे गळ मधोमधच फिरे. पुढे नळ आले, विहिरींवर जाळ्या बसल्या, गळ गंजून माळ्यावर गेले. वाकून सल्ला देण्याची हौस मात्र तशीच राहिली. ती आता माझ्या मामांच्या फियाटच्या बॉनेटखाली भागवली जाते.

मामा ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले. चीनच्या युद्धानंतर, साठच्या दशकात, हा कारखाना वरणगावला आला आणि काडतुसं बनवू लागला. शेजारी भुसावळच्या कारखान्यात दारूगोळ्याची खोकी बनतात. गोळी इकडची, खोकं तिकडचं, अशी जुनी सोयरीक. 1 ऑक्टोबर 2021 ला सरकारने देशातल्या अशा 41 कारखान्यांच्या 7 कंपन्या केल्या. त्यात वरणगाव म्युनिशन्स इंडियाकडे गेलं आणि भुसावळ यंत्र इंडियाकडे. मामांना हे अजून पटलेलं नाही. “पोरगी एका घरी दिली अन् रुखवत दुसऱ्याच घरी धाडलं,” असं ते म्हणतात. जिथे रिकामी पुंगळीसुद्धा मोजून आत आणि मोजून बाहेर, अशा जागी आयुष्य गेल्यामुळे वस्तू हरवते हे त्यांना तत्त्वतःच मान्य नाही. त्यांच्या मते वस्तू जागेवरच असते, हिशेब चुकलेला असतो.

गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी. मूळची इटलीची फियाट 1100, कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये बनणारी. सत्तरच्या दशकात तिला चितोडच्या राणीचं नाव मिळालं, पण खानदेशात तिला पद्मिनी म्हणणारा माणूस मला भेटलेला नाही. आमच्याकडे ती फियाटच. 1089 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, स्टिअरिंगलाच लावलेली गिअरची दांडी, आणि दार लावताना येणारा असा आवाज की लग्नघरी कोण आलं ते आचाऱ्यालाही कळावं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला ताडदेवच्या आरटीओत नोंदलेली होती. टॅक्सीला आयुष्य वीस वर्षांचं, म्हणून 30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईत ही काळी-पिवळी कायद्याने संपली. त्या दिवशी मामांनी आमच्या गाडीला झेंडूचा हार घातला. “सुतकात हार कसला?” असं मामींनी विचारलं. मामांनी काच पुसायला घेतली.

प्लग बदलण्याचा मामांचा एक विधी आहे, आणि तो बिनतोड आहे हे कबूल केलं पाहिजे. आधी सायकलच्या पंपाने प्लगच्या बुडाशी साचलेली धूळ फुंकायची, नाहीतर प्लग निघताच ती भोकातून थेट सिलिंडरमध्ये उतरते. एका वेळी एकाच प्लगची वायर काढायची, कारण ठिणगीचा क्रम 1-3-4-2 आहे आणि वायरी अदलाबदल झाल्या तर गाडी चालायची सोडून खोकायला लागते. मग प्लगपाना, त्यात आडवी टॉमी, आणि उलटा पीळ. निघालेला प्लग उजेडात धरून निदान करायचं : काळी काजळी असली तर पेट्रोल जास्त जातंय, पांढरट असला तर कमी, तपकिरी असला तर तब्येत उत्तम. नव्या प्लगची फट 0.6 मिलिमीटर ठेवायची, ती फीलर गेजच्या पात्याने मोजून. पात्यांची ही जुडी मामा कपाटात लक्ष्मीपूजनाच्या नाण्यांशेजारी ठेवतात. माझं काम टॉर्च धरायचं. टॉर्च धरणाऱ्याला आमच्या घरात मत नसतं, फक्त चुकीच्या जागी उजेड पाडल्याचा ठपका असतो.

तर त्या सकाळी दोन प्लग निर्विघ्न झाले. तिसऱ्याची टोपी मामांनी ओढली आणि इंजिनाच्या पोटात कुठेतरी ‘टिंग’ झालं. मामांनी तिकडे लक्ष दिलं नाही, प्लग खोलला, उजेडात धरला आणि त्यांचा चेहरा उतरला. जुन्या धाटणीच्या प्लगच्या शेंड्याला बारीक आटे असतात, त्यावर हरभऱ्याएवढा पितळी नट बसतो आणि त्या नटावर वायरीची टोपी. इथे शेंडा बोडका होता.

मामांनी सर्वांत आधी प्लगच्या उघड्या भोकावर अंगठा दाबला. हे शहाणपणाचंच होतं. नट बाहेर कुठे पडला असेल तर नुसती कटकट, पण सिलिंडरमध्ये गेला असेल तर गाडी सुरू करताच पिस्टन त्याला वर चेचणार, व्हॉल्व्ह वाकणार, आणि हेड उतरवायची वेळ येणार. अडचण एवढीच, की अंगठा ठेवल्यावर मामांना हलता येईना. “भोकात फडकं कोंबू का?” मी विचारलं. “जागेले हात लावू नको,” मामा म्हणाले. पुढचा सगळा शोध त्यांनी त्या अंगठ्यावर उभं राहून चालवला.

‘टिंग’ हा आवाज वरणगावात भोंग्याच्या खालोखाल ऐकला जातो. पहिले आले ते रेल्वेतले आप्पा. भुसावळच्या लोकोशेडमध्ये त्यांची उमर गेली. त्यांनी काय झालं हे न विचारताच ब्लॉक घेतला, म्हणजे गल्लीची दोन्ही तोंडं बंद करून दूधवाल्याला आणि एका म्हशीला पलीकडे थांबवलं. मग हातोडी मागवून ते गाडीखाली शिरले आणि दिसेल त्या लोखंडावर टकटक करत कान लावू लागले. दर टकटकीला ‘टिंग’ ऐकू येई आणि दर वेळी वर उभे असलेले लोक “हाच!” म्हणत.

त्यांच्या मागून दीपनगरच्या वीज केंद्रातले भाऊ आले. ते म्हणाले, आधी गाडीची बॅटरी सोडवा, तारा खुपसून शोधाल आणि शॉर्ट कराल. जमलेल्यांत तेवढं एकच वाक्य बरोबर होतं, म्हणून कोणी ऐकलं नाही. शेवटी त्यांनीच पाना घेतला, टर्मिनल सैल केलं, आणि त्याचा बोल्ट त्यांच्या बोटांतून सुटून खाली गेला. “दोन नग,” मामा अंगठा न हलवता म्हणाले. दीपनगरचे भाऊ त्यानंतर शोधायला सगळ्यांत पुढे होते.

सावद्याकडे केळीचा व्यापार असलेले काका लग्नाची पत्रिका द्यायला आले होते, ते राहून गेले. त्यांच्या मते जगातली कुठलीही वस्तू केळीच्या चिकाने उचलता येते. आपल्याच जीपमधून त्यांनी घडाचा ताजा दांडा आणला, कोयत्याने छाटला आणि ओलं टोक इंजिनाच्या बाजूने खाली घातलं. नट चिकटला नाही. मामांच्या पांढऱ्या लेंग्यावर मात्र चीक ठिबकला, आणि केळीचा डाग जात नाही हे खानदेशात शाळेत जाण्याआधी कळतं. पत्रिका मामींच्या हातात होती. त्यांनी ती न उघडताच बाजूला ठेवली.

खरी मजा चुंबकाने केली. शेजारचा इंजिनिअरिंगला असलेला पोरगा ऑनलाइन मागवलेली दुर्बिणीसारखी लांबणारी चुंबकाची दांडी घेऊन आला. टोकाला निओडिमियमचं चुंबक. जपानच्या मासातो सागावा यांनी 1982 साली हे शोधून काढलं आणि तेव्हापासून वाटाण्याएवढा तुकडा किलोकिलोचं लोखंड उचलू लागला, असं तो पोरगा सांगत होता. हे चुंबक इतकं गुणी, की ते नटापर्यंत जाईचना. इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, खालची आडवी पट्टी लोखंडाची, स्टिअरिंगचे दांडे पोलादी. बोटभर खाली गेलं की खटकन डावीकडे चिकटे, ओढून सोडवावं तर उजवीकडे. मामा वरून ओरडत होते, “अरे भो, पितळ हाये ते! पितळीले चुंबक धरते का? सत्तर टक्के तांबं, तीस टक्के जस्त, जलमभर तेच पाह्यलं म्या!” काडतुसाच्या पुंगळीचं पितळ याच प्रमाणाचं असतं, आणि त्याला चुंबक ढुंकूनही विचारत नाही, हे पूर्ण खरं. पण चुंबक एकदा आत गेल्यावर थांबणार कोण? त्यात कमाई होत होती. आधी टर्मिनलचा बोल्ट आला आणि दीपनगरच्या भाऊंनी तो कपाळाला लावला. मग एक वायसर. मग एक काटापिन, जी मामींची नाही असं मामींनी एवढ्या घाईने सांगितलं की मामांनी अंगठ्यावरूनच मान वळवली. मग गोदरेजच्या कपाटाची ती किल्ली, जिच्यापायी कधीकाळी एका पाहुण्यावर संशय घेऊन आम्ही त्यांच्याकडे जाणं-येणं सोडलं होतं. किल्ली बघून सगळे गप्प झाले. मामींनी ती पदराला बांधली आणि चहा टाकायला आत गेल्या.

चहाच्या वेळी त्या पोराने मामांचं सांत्वन केलं. म्हणाला, काका, नासाचंसुद्धा पडतं. 1 नोव्हेंबर 2023 ला, म्हणजे मुंबईतली टॅक्सी संपल्यावर दोनच दिवसांनी, जस्मिन मोघबेली आणि लोरल ओहारा या दोघी अवकाशस्थानकाबाहेर दुरुस्ती करत होत्या, तेव्हा हत्यारांची अख्खी पिशवी निसटली. 2008 मध्ये हायडेमरी स्टेफनिशिन-पायपर यांच्याही हातून अशीच पिशवी गेली होती. तिथे तर ग्रीस गन फुटून पिशवीभर ग्रीस झालं होतं, ते पुसता पुसता पिशवी सुटली. ती पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये वातावरणात जळाली. आणि 2023 ची पिशवी अवकाशस्थानकाच्या पुढे पुढे फिरताना इथून साध्या दुर्बिणीतून दिसायची.

“त्यायचं दिसते तरी,” मामा म्हणाले, आणि मी त्यांच्या तोंडाला बशी लावली.

उन्हं चढली. वरणगावचं ऊन पत्र्यावर पडलं की गाडीला हात लावायला फडकं लागतं. अंगठ्याला मुंग्या आल्यावर मामांनी अखेर भोक सोडलं. टॉर्च मारून आत पाहिलं, काडीला ग्रीस लावून चाचपडलं, हँडल घालून इंजिन हाताने हळूहळू फिरवलं. कुठेही अडकलं नाही. मामांनी नवा प्लग काढला, आणि तेव्हा कोणाच्या तरी लक्षात आलं की नव्या प्लगच्या डोक्यावर त्याचा स्वतःचा नवाकोरा नट आहे. ज्याच्यासाठी म्हैस तिष्ठत होती तो नट भंगारात जाणाऱ्या प्लगचा होता. हे कोणी मोठ्याने बोललं नाही.

प्लग बसला. मामा वायरीची टोपी दाबू लागले. टोपी बसेना. पुन्हा दाबली, फिरवली, बसेना. मग त्यांनी ती उलटी करून तळहातावर आपटली आणि आतून पितळी नट बाहेर आला. सैल झालेला नट टोपी ओढताना तिच्याबरोबरच वर गेला होता. तो पडलाच नव्हता.

आप्पा गाडीखालून बाहेर आले. केळीवाल्या काकांनी दांडा खाली ठेवला. दीपनगरचे भाऊ मोठ्याने हसायला लागले आणि कोणीच साथ देत नाही असं पाहून थांबले. मामा बॉनेटखाली वाकून एकेक भाग बोट लावून मोजत होते. चारी प्लग, चारी टोप्या, टर्मिनल, क्लिपा, कार्ब्युरेटरचे स्क्रू. सगळं जागच्या जागी. त्यांनी दुसऱ्यांदा मोजलं.

“मंग टिंग कशाचं झालं?” ते म्हणाले.

आप्पांनी गल्लीच्या टोकाकडे हात करून दूधवाल्याला आणखी थोडं थांबायला सांगितलं. पोराने चुंबकाची दांडी पुन्हा लांब केली. मामींनी आतून विचारलं, जेवायला कितीजण, आणि मामा म्हणाले, काय हरवलं तेच कळेना तर शोधायचं काय?

“तुम्ही टेन्शन नका घेऊ,” केळीवाले काका बाह्या सरसावत म्हणाले. “आधी सापडू तर द्या. मंग काय व्हतं ते ठरवू.”