टेप, बांबू आणि तुंगारेश्वर

वसई-विरारमध्ये गाडी बघायला निघालेला माणूस आधी मायलेज विचारतो आणि मग पार्किंग. आमच्या भाऊजींनी यातलं काहीच विचारलं नाही. कॅरव्हॅन भाड्यानं देणाऱ्याला फोन लावून त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, "संडास कुठल्या बाजूला आहे?"

राज्य सरकारनं 2021 साली कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हाचं पेपरातलं कात्रण भाऊजींनी रेल्वेच्या पासामागे जपून ठेवलं होतं. पुढे ते रिटायर झाले, पास संपला, कात्रण उरलं. विरार फास्टमध्ये सगळी नोकरी एका पायावर उभ्यानं काढलेल्या माणसाला आता प्रवासात आडवं व्हायचं होतं, आणि तेही तुंगारेश्वरच्या जंगलात. यात हरकत घेण्यासारखं काही नव्हतं. हरकत निघाली ती लांबीवरून.

विरारच्या वन-बीएचकेत जे जे मावलं नाही ते ते भाऊजी गाडीत बसवू लागले. ताईला ओटा हवा होता. भाऊजींना देवघर, आरामखुर्ची आणि "फार नाही रे, एवढीशी" बाल्कनी. कागदावरची गाडी वाढत वाढत 12 मीटरवर, म्हणजे 40 फुटांवर गेली. कायद्याच्या धाकानं ती तिथे थांबली, नाहीतर बोईसरपर्यंत गेली असती.

"कायद्यात बसते ना? मग रस्त्यात बसणारच," भाऊजी म्हणाले.

"भाऊजी, पण तुंगारेश्वरचा रस्ता..."

"1739 साली चिमाजी अप्पांच्या फौजेनं वसईच्या किल्ल्यापर्यंत तोफा आणल्या. तेव्हा कुठला होता रस्ता?"

तोफांना बाल्कनी नव्हती, हे मी मनातच म्हटलं. बहिणीच्या नवऱ्यापुढे काही वाक्यं मनातच बरी.

शेवटी कोलोरॅडोहून भाच्याला मध्ये पडावं लागलं. तो तिथल्या सरकारी जंगलांत गाडी घेऊन मुक्कामाला जातो. व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "बाबा, इथे बुकिंग करताना आधी गाडीची लांबी बघतात. जागेगणिक आकडा दिलेला असतो. मागे काही जोडलं असेल तर तेही लांबीत धरायचं. 40 फूट म्हटलं की बहुतेक जागा यादीतून गायब. 25च्या आत असलात तर बऱ्याच ठिकाणी शिरता येतं."

"एवढ्या मोठ्या अमेरिकेत जागा नाही?" भाऊजींना हे फारच लागलं.

जागा आहे, पण ती आखली कुणी हे बघायला हवं. तिथले बरेचसे सरकारी तळ 1930च्या दशकातले, मंदीत बेकार झालेल्या तरुणांच्या पथकांनी बांधलेले. त्यांच्या आराखड्यामागचं डोकं इंजिनिअरचं नव्हतं, एमिलिओ माइनिके नावाच्या वनस्पतिरोगतज्ज्ञाचं होतं. लोक झाडाखाली वाटेल तशा मोटारी लावतात, मुळांवरची माती दाबून घट्ट होते आणि झाड खंगत जातं, हे त्यानं पाहिलं होतं. 1932च्या सुमारास त्यानं तोड सुचवली: एकेरी गोल रस्ता, त्याला बाजूला फुटलेल्या एकेका मोटारीपुरत्या जागा, आणि चाक पुढे सरकू नये म्हणून आडवे दगड आणि ओंडके. तेव्हाची साधी मोटार चौदा-पंधरा फुटांची. पुढे गाड्या लांबल्या, झाडं होती तिथेच राहिली. झाडांच्या डॉक्टरनं रस्ता आखला की तो झाडांच्याच बाजूनं जाणार, आणि माझं मत विचाराल तर तेच योग्य आहे.

भाऊजींना डॉक्टर पटला नाही. "आपला रस्ता आपण मोजू," म्हणाले आणि रविवारी सकाळी टेप घेऊन माझ्या दारात हजर. माझ्याकडे बांबू आला, टोकाला लाल चिंधी. छतावरच्या एसीसकट गाडी जेवढी उंच, तेवढा तो कापलेला होता. तो रिक्षात आडवा मावेना, म्हणून मी निम्मा बाहेर आणि बांबू पूर्ण बाहेर, अशी मोहीम निघाली.

पहिलं माप आमच्याच गल्लीत घेतलं. वसईगावच्या वाड्यांमधले रस्ते बैलगाडीच्या काळातले. एका अंगाला कुंपणाची भिंत, दुसऱ्या अंगाला विहीर, वर नारळाच्या झावळ्या. भाऊजींनी टेपचं टोक भिंतीला लावलं मात्र, आतून एक मावशी केळीची पानं तशीच हातात घेऊन धावत आल्या.

"रुंदीकरण ना? भिंतीला हात लावायचा नाय!"

"मावशी, आम्ही महापालिकेचे नाही."

"सगळे असंच बोलतात!"

माप अर्धवट टाकून निघालो. अंबाडी रोडच्या पुलावरून पूर्वेला उतरलो, गोखिवऱ्याचं रेंज ऑफिस मागे टाकलं आणि सातिवलीकडे लागलो. इथे दोन्ही बाजूंना गाळे आणि कारखाने. तिथेच भाऊजींना त्यांची 40 फुटांची गाडी भेटली. कंटेनरचा ट्रेलर होता. त्याला डावीकडच्या गाळ्यांच्या गल्लीत शिरायचं होतं.

क्लीनर खाली उतरून पत्र्यावर थापा मारत होता. "येऊ दे, येऊ दे, येऊ दे... बस्स!" पुढचं तोंड गल्लीत गेलं, पण मागची चाकं आतून कापत गटाराच्या कडेला आली. पुन्हा रिव्हर्स. पुन्हा "येऊ दे". मागे रिक्षा, टेम्पो, बाइक आणि लग्नाला निघालेली एक ओम्नी. भाऊजी रिक्षातून उतरून बघत राहिले. आमचा रिक्षावाला विडी पेटवत म्हणाला, "काका, हा तरी मधे मोडतो. सलग बसचा टर्न इथे एका कटात बसतच नाय. आणि मागच्या चाकांच्या पाठी जेवढं धड, तेवढं वळताना उलट्या बाजूला पिछाडी मारतं. बाजूला झाड असलं तर झाड जातं, नायतर तुमचा संडास."

संडास मागच्याच बाजूला होता. भाऊजींनी टेप गुंडाळला.

तरी हायवे ओलांडून तुंगारेश्वरच्या कमानीतून आत गेलो. हे 2003 साली जाहीर झालेलं अभयारण्य, सुमारे 85 चौरस किलोमीटरचं. देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यात ओढे आडवे येतात. समोरून गाडी आली की एकीनं कडेला सरकून दुसरीला पदरात घ्यायचं. बांबूची चिंधी पहिल्याच वाकलेल्या फांदीत अडकली आणि मी खाली ओढतोय, भाऊजी वर ढकलतायत, एवढ्यात वनरक्षक आले.

"काय चाललंय?"

"कॅरव्हॅन बसते का बघतोय. रात्रीच्या मुक्कामाला."

त्यांनी बांबूकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. "काका, हे अभयारण्य आहे. इथे परवानगीशिवाय रात्री फक्त बिबट्या राहतो. गाडी वीस फुटांची आणा नाहीतर साठ फुटांची."

परतीच्या वाटेवर भाऊजी काही बोलले नाहीत. वसई फाट्यावर वडापाव खाताना मात्र कात्रण काढलं आणि पुन्हा वाचलं. कॅरव्हॅनसाठी वेगळे पार्क, तिथे पाणी, वीज, रस्ता, असं धोरणात म्हटलंय ते का, हे तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं असावं. कारण ताईला लगेच फोन लावून विचारलं, "संडासाची टाकी भरली की ओतायची कुठे, याचा विचार केलायस का तू?" जणू 40 फुटांची गाडी तिनंच मागितली होती.

आता ठरलंय ते असं. टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेली, वीस फुटांच्या आसपासची गाडी. बाल्कनी रद्द, देवघर डॅशबोर्डवर. मनोर, विक्रमगड करत जव्हार, आणि मुक्काम एका कृषी पर्यटन केंद्राच्या अंगणात; त्यांच्या फाटकाचं माप फोनवरून दोनदा विचारून घेतलंय. तेव्हा मनोरच्या फाट्यावर पुढे एखादी गाडी उगाच रेंगाळताना दिसली, तर कृपा करून हॉर्न वाजवू नका. भाऊजी आत आडवे झालेले असतील.