सिस्टीमवाले भाऊ

बुलढाणा जिल्ह्यात तालुके 13. काही घाटावर, काही घाटाखाली. हवा वेगळी, पाणी वेगळं, पण कोणत्याही ऑफिसात जा, सिस्टीमवाले भाऊ तेच. पद लिपिकाचं, टेबल आवक-जावकचं. वेतनवाढ अडकू नये म्हणून सगळ्या कर्मचाऱ्यांनी एमएस-सीआयटी केली, तेव्हा यांनीही केली. बाकीच्यांनी सर्टिफिकेट सेवापुस्तकाला लावलं, भाऊंनी मनाला लावून घेतलं.

“भाऊ, फाईल खुलूनच नाही राह्यली!” अशी हाक आली की भाऊ लगेच उठत नाहीत. हाक कोणाची, ते आधी बघतात. साहेबांची असेल तर हाक संपायच्या आत केबिनमध्ये. आस्थापना शाखेची असेल तर चहा अर्धा टाकून, कारण रजेचा हिशेब तिथेच असतो. इतरांना जागेवरूनच औषध मिळतं: “रिस्टार्ट मारा, आलोच.”

आले की आधी रिफ्रेश. उजवं बटण, रिफ्रेश. उजवं बटण, रिफ्रेश. त्यानं स्क्रीनवरची चित्रं पुन्हा मांडली जातात, बाकी काडीचा फरक पडत नाही. पण बघणाऱ्याला इलाज सुरू झाल्यासारखं वाटतं. मग टेम्प फोल्डर रिकामा होतो. शेवटी काळी खिडकी उघडून भाऊ ‘पिंग’ मारतात. पांढऱ्या ओळी पडू लागल्या की अकाउंट शाखासुद्धा खुर्च्या सोडून मागे उभी राहते. सर्व्हरकडून उत्तर यायला एक मिलिसेकंदही लागत नाही, असं तिथे स्वच्छ लिहिलेलं असतं. म्हणजे वाट धडधाकट आहे. भाऊ ते वाचतात, उसासा टाकतात आणि म्हणतात, “लई लोड येऊन राह्यला, बाप्पा.”

भेंडवळचा घट अक्षय्य तृतीयेला मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे वर्षभराचं भाकीत सांगतात. भाऊंचा घट रोज मांडलेला असतो. पावसाळ्यात वायरीत ओल शिरली, उन्हाळ्यात स्विच तापला. आणि ऋतू कोणताही असो, “राजूर घाटात केबल कटली असन.” आता फाईल ज्या सर्व्हरवर असते, तो त्याच खोलीत, भाऊंच्याच टेबलाखाली, जुन्या गठ्ठ्यांना टेकून बसलेला असतो. फाईलला त्या टेबलापासून या टेबलापर्यंत यायचं असतं. त्यात राजूर घाट कुठून आला, हे विचारायची सोय नाही. पुढच्या वेळी आपलीच फाईल खुलायची असते.

मात्र वायरीचं काम भाऊंनी करावं. आठ बारीक तारा बोटांत धरून सरळ करतात: पांढरी-नारंगी, नारंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. एका रेषेत कापतात, जॅकमध्ये सरकवतात आणि पक्कड दाबतात. कट्! त्या क्षणी चेहऱ्यावर जे समाधान दिसतं ते पगाराच्या दिवशीही दिसत नाही. वायर आधी चांगलीच होती, एवढाच काय तो दोष.

खरं दुखणं निराळंच होतं. तीच एक्सेल फाईल डेस्कटॉपवर कॉपी केली तर क्षणात कॉपी व्हायची, पण तिथूनही उघडायला तेवढाच वेळ घ्यायची. म्हणजे वाटेत काही नव्हतं. उघडणाराच कोणाची तरी वाट बघत होता. एक्सेल फाईल उघडताना डिफॉल्ट प्रिंटरकडे कागदाच्या मापाची चौकशी करतं. इथला डिफॉल्ट प्रिंटर भंगारात निघालेला. निरोप जायचा, उत्तर यायचं नाही, आणि एक्सेल बिचारं ताटकळत बसायचं.

भाऊंना हे सापडलं ते साहेबांचं प्रिंट निघेना म्हणून. जुना प्रिंटर काढून टाकला, नवा डिफॉल्ट केला, आणि फाईल टिचकीसरशी उघडली. साहेबांनी विचारलं, “काय केलं?” भाऊ म्हणाले, “वायर ओरिजिनल टाकली, सर.” खामगावहून आणलेल्या वायरीचं बिल त्याच संध्याकाळी मंजूर झालं.

आता भाऊ बाकीच्या मशीनही नीट करतात, पण त्याआधी टेबलवाल्याला चहाला पिटाळतात आणि स्क्रीन भिंतीकडे वळवतात. आमची मंडळी खुशाल जातात. वर्षानुवर्षं विनामोबदला हाकेला धावणाऱ्या माणसाचं एवढं गुपित सांभाळायला काय हरकत आहे? शिवाय बाहेरून इंजिनिअर बोलवायचा तर दोन स्मरणपत्रं जातात.

तेव्हा तुमच्याही ऑफिसात फाईल अडत असेल, तर डिफॉल्ट प्रिंटर गुपचूप बदलून घ्या. आणि मग भाऊंना हाक मारून वायर एकदा बघायला सांगा.