पाय धुवायचे कोणी?

चर्चमधला वाईट पुढारी ओळखायला आत्मिक दृष्टी लागत नाही. हिशेब मागून पाहावा. चांगला वही काढतो, वाईट वचन काढतो. वर्गणीचा तपशील विचारला, की पाळकसाहेबांना रोमकरांस पत्राचा 13वा अध्याय आठवतो, अधिकाऱ्यांच्या अधीन राहण्याचा. कळप उपाशी ठेवून स्वतःचंच पोट भरणाऱ्या मेंढपाळांना फैलावर घेणारा यहेज्केलचा 34वा अध्याय मात्र त्यांच्या बायबलात बहुधा चिकटलेला असतो. येशूने शिष्यांचे पाय धुतले. इथे पाळकांच्या वाढदिवसाला शाल-श्रीफळाची वर्गणी वेगळी.

मग करावं काय? मंडळीचा ठरलेला उपाय म्हणजे आत 'आमेन' आणि उपासनेनंतर फाटकापाशी चहाड्या. मराठी ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांना तो जमला नाही. मिशनऱ्यांचा मायबापपणा त्यांना खुपत होता. ते त्यांनी पोटात ठेवलं नाही. 1917 साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि ख्रिस्तभक्तांचा 'देवाचा दरबार' उभारला. पगार सुटला, येशू सुटला नाही.

आपल्यापैकी बहुतेकांना हाच क्रम उलटा सोयीचा वाटतो. शिवाय पुढच्या पंचकमिटीत आपलंही नाव येणार, अशी कुणकुण असते.