ऊबपंत

दिवाळीच्या फराळाचे डबे तळाला गेले, की प्रत्येक ट्रेकिंग ग्रुपात एक माणूस जागा होतो. पावसाळाभर तो कुठे होता, कुणाला ठाऊक नसतं. हरिश्चंद्रगडाची तारीख ठरत असते. गाडीचे माणशी किती, पाचनईत जेवणाचं कुणाला सांगायचं, भाकरीबरोबर पिठलं की वांग्याची भाजी, अशी महत्त्वाची चर्चा रंगात आलेली असताना हा विचारतो, "रात्री तापमान किती असेल?"

"असेल की दहा-बारा."

"टेंटच्या आतलं की बाहेरचं? वारा धरून की वारा सोडून?"

भाजीचा विषय तिथेच राहतो. ऊबपंत आले, हे सगळ्यांना कळतं.

ऊबपंतांचं वय पंचेचाळिशीपुढचं. नोकरी बँकेत किंवा आयटीत, घर कोथरूडला, ठाण्याला नाहीतर नाशिकच्या गंगापूर रोडवर. त्यांच्या पायातले बूट साधेच असतात, पाठीवरची सॅक मुलानं टाकून दिलेली असते आणि गड चढताना ते शेवटून दुसरे असतात. त्यांचं सगळं शास्त्र सूर्य मावळल्यावर सुरू होतं. माणूस गडावर जातो तो झोपायला, ही त्यांची श्रद्धा आहे. कोकणकडा वगैरे गोष्टी वाटेत लागतात.

स्लीपिंग बॅग घ्यायची, हा निर्णय ते एका हिवाळ्यात घेतात आणि बॅग पुढच्या हिवाळ्यात घरी येते. मधलं वर्ष अभ्यासात जातं. लेबलावर तीन तापमानं असतात, कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम. तुम्ही-आम्ही त्यातलं सगळ्यात खालचं बघून खूश होतो. उणे पंधरा! आता काय, एव्हरेस्टच! ऊबपंत अशा वेळी डोळे मिटून घेतात. "एक्स्ट्रीम म्हणजे ऊब नव्हे हो. एक्स्ट्रीम म्हणजे सहा तास तुम्ही गारठून मरणार नाही, एवढीच हमी. बोटं गेली तर ती तुमची."

हे त्यांचं म्हणणं खरं आहे. ऊबपंतांचं बहुतेक सगळं म्हणणं खरंच असतं आणि त्यांचा त्रास होतो तो त्यामुळेच.

ही तापमानं कशी काढतात, तेही त्यांना पाठ आहे. आयएसओ 23537 नावाचं मानक आहे. थंडगार खोलीत आतून तापवलेला एक पुतळा लांब बाह्यांचे आतले कपडे घालून बॅगेत झोपवतात, खाली मॅट देतात आणि त्याची उष्णता किती निसटते ते मोजतात. मग गणितानं प्रमाण स्त्री आणि प्रमाण पुरुष यांची झोप ठरते. स्त्री 25 वर्षांची, 60 किलो, 1.60 मीटर, पुरुष 25 वर्षांचा, 73 किलो, 1.73 मीटर. कम्फर्टचं तापमान त्या बाईचं, लिमिटचं अंग मुडपून झोपलेल्या त्या पुरुषाचं. ऊबपंत ह्या पुरुषाहून वयानं आणि वजनानं बरेच पुढे गेलेले आहेत, तरी त्याच्याविषयी बोलताना त्यांचा स्वर सख्ख्या मावसभावाविषयी बोलावं तसा होतो. "त्याला उणे दोनला झोप लागते, म्हणजे मला शून्याला लागायला हरकत नाही."

"आणि बाईला जास्त थंडी वाजते, हे कळायला पुतळा लागला होय?" वहिनी आतून विचारतात. त्यांच्या घरी हा प्रयोग पंख्याच्या रेग्युलेटरवर रोज रात्री होतो.

दुकानातला प्रसंग मात्र बघण्यासारखा. ऊबपंत बॅग हातात घेऊन बघत नाहीत, ते तिच्यात शिरतात. रविवारची संध्याकाळ, दुकानात पोराबाळांची गर्दी, आणि सायकलींच्या नि क्रिकेटच्या बॅटींच्या मधल्या वाटेत फरशीवर ऊबपंत आडवे. चेन गळ्यापर्यंत. टोपीची दोरी ओढली, की चुण्या गोळा होऊन मधून फक्त नाक वर येतं आणि पंत थेट उकडीचा मोदक दिसतात. आत उकडतही असतंच. आतून आवाज येतो, "खांद्याशी जागा कमी आहे." विक्रेता पोरगा वाकून म्हणतो, "सर, एक्सेल देऊ?" ह्यावर मोदक व्याख्यान देतो. बॅग मोठी घेऊ नये, रिकामी हवा आपल्याच अंगानं तापवावी लागते. फार घट्टही घेऊ नये, भरण दबतं आणि दबलेलं भरण ऊब धरत नाही. पायाकडे निमुळती असावी, पण कूस बदलता आली पाहिजे. "तू कुशीवर झोपतोस की उताणा?" पोरगा गांगरतो. हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारलेला नसतो. एक लहान मुलगी आईला विचारते, "हे काका विकायला आहेत?"

भरण कशाचं, ह्या मुद्द्यावर तर घरात दोन महिने चातुर्मास पाळला गेला. डाउन म्हणजे बदक किंवा हंसाच्या पिसांखालची मऊ लव. वजनाला हलकी, दाबली की नारळाएवढी होते आणि सोडली की फुगते. तिचा कस फिल पॉवरमध्ये सांगतात. 800ची म्हणजे एक औंस, जेमतेम 28 ग्रॅम लव 800 घनइंच जागा व्यापते, साधारण तेरा लिटर. दूध आणायच्या किटलीवरून ऊबपंतांनी हे आईंना समजावलं. आईंनी एवढंच विचारलं, "बदकं मारून?" त्यांच्या घरात गुरुवारी अंडंही शिजत नाही. शिवाय डाउन भिजली की लोळागोळा होते आणि वाळता वाळत नाही. सिंथेटिक जड, पण ओलसर झाली तरी थोडीफार ऊब राखते आणि किंमत निम्म्याखाली. धर्म, दमट हवा आणि बोनस ह्या तिन्हींनी सिंथेटिकच्या बाजूनं कौल दिला. पंतांनी डाउन घेतली. कम्फर्ट उणे पाच.

पुण्यात राहून उणे पाच कशाला, असं विचारायची सोय नाही. जानेवारीतलं एक कात्रण त्यांच्या पाकिटात असतं. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याची बातमी मराठी पेपरात दरवर्षी येते, फोटोत जीपच्या टपावर पांढरा थर असतो. "बघा," पंत म्हणतात, "महाराष्ट्रातच!" आपण त्या टपावर झोपायला जाणार नाही आहोत, हे सांगायचा धीर कुणाला होत नाही.

बॅगेचं उद्घाटन पवना धरणाच्या काठी झालं, मार्च महिन्यात. त्याआधी ऑफिसात सुट्टी जमली नव्हती. त्या रात्री टेंटच्या आत इतकं गदगदत होतं, की लोक चादरसुद्धा लाथेनं सारत होते. पंत चेन लावून आत गेले, पंधरा मिनिटांनी अर्धी चेन उघडली, मग पूर्ण. शेवटी बनियनवर बाहेर आले, बॅग अंथरली आणि तिच्यावर झोपले. अंगाखाली भरण दबतं ना, असं कुणीतरी अंधारातून विचारलंच. पंतांनी ऐकू न आल्याचं दाखवलं.

पण त्यांच्या बाजूनं एक सांगायलाच हवं. केदारकंठाला, साडेबारा हजार फुटांवर बर्फात ग्रुप गेला, तेव्हा बॅगा आयोजकांनीच दिल्या होत्या, चांगल्या जाड. तरी मंडळी रात्रभर कुडकुडली. पंतांच्या टेंटमधली सोडून. पंतांनी तिथल्या सगळ्यांना कॅरीमॅटखाली आणखी एक मॅट घालायला लावली होती, कारण खालची जमीन वरच्या हवेइतकीच लुटते. ओले मोजे काढायला लावले. नको नको म्हणत असताना पोटभर खिचडी खायला लावली, कारण बॅग स्वतः तापत नाही, ती फक्त तुमची ऊब अडवते, आणि उपाशी माणसाकडे अडवण्यासारखं फारसं नसतं. गरम पाण्याच्या घट्ट झाकणाच्या बाटल्या पायाशी दिल्या. मग बाहेर बसून लोकांना स्लीपिंग बॅगेचा इतिहास सांगितला. वेल्समधल्या न्यूटाउनच्या प्राइस-जोन्स नावाच्या व्यापाऱ्यानं 1876 साली उशी शिवलेल्या, गुंडाळून घ्यायच्या ब्लँकेटचं पेटंट घेतलं आणि ती रशियन सैन्याला विकली. हाच गृहस्थ टपालानं घरपोच माल पाठवण्याच्या धंद्यातला पहिल्या काहींपैकी एक. "म्हणजे बॅगही त्याचीच आणि घरबसल्या मागवायचं वेडही त्याचंच," पंत कौतुकानं म्हणाले. ऐकणारे तोवर टेंटमध्ये गेले होते.

रात्री दोन वाजता पंतांना उठावं लागलं. प्रयोगशाळेतल्या पुतळ्याला जे कधीच करावं लागत नाही, ते. आतली चेन, चेनीमागची पट्टी, टोपीची दोरी, टेंटची चेन, बाहेरच्या कव्हरची चेन. घाईत पहिलीच चेन कापडात अडकली. त्यानंतर त्या टेंटमध्ये कोणकोणते शब्द ऐकू आले ते मी लिहीत नाही, पण फिल पॉवर त्यांत नव्हती.

घरी बॅगेचा थाट निराळा. डाउन दाबून ठेवली की तिचा फुगारा मरतो, म्हणून ती सुती खोळीत मोकळी सोडून कपाटात टांगलेली असते आणि वहिनींच्या पैठण्या दिवाणात गेल्या आहेत. आईंनी मायेनं खोळीत डांबराच्या गोळ्या टाकल्या. तेव्हापासून रात्री पंत कुठल्या टेंटमध्ये आहेत, ते वाऱ्यावरून कळतं.

बॅग ते उसनी देत नाहीत असं नाही, मुलाखत घेतात. भाचा मनालीला निघाला, तेव्हा त्याला समोर बसवून विचारलं, "झोपताना तोंड आत घेतोस का?"

"माहीत नाही मामा. झोपेत काय कळतं?"

"श्वासाच्या वाफेनं डाउन आतून ओली होते. घोरतोस?"

"आई म्हणते, घोरतो."

"अंगाला तेल लावतोस?"

भाचा म्हणाला, राहू दे, तिथेच भाड्यानं घेईन. पंत दोन दिवस अस्वस्थ होते. तिसऱ्या दिवशी रात्री साडेदहाला त्यांनी मनालीला फोन लावला.

"मिळाली का बॅग?"

"मिळाली. मस्त आहे, जाड आहे."

"जाडीचं सोड. कम्फर्ट किती लिहिलंय? आतल्या शिवणीपाशी लेबल असतं, बघ."

थोडा वेळ खसखस ऐकू आली. "लेबल फाटलंय मामा."

पंत क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "मग झोपू नकोस."