मिरीच्या गिरणीवरून सोसायटीत भाऊबंदकी

आमच्या सोसायटीत सध्या उघड उघड दोन तट पडलेत. पार्किंगवरून नाही, पाण्यावरूनही नाही. मिरीवरून! आजी खलबत्त्यात चार दाणे टाकून ठेचायची, तीच ही मिरी. आता तिला वीतभर उंचीची लाकडी गिरणी लागते, आणि गिरणीच्या पोटातले दाते पोलादाचे की सिरॅमिकचे यावरून माणसं लिफ्टमध्ये तोंडं फिरवतात.

पोलादवाल्यांचा तोरा तर विचारूच नका. त्यांची गिरणी प्यूजोची. हो हो, तीच फ्रान्सची मोटारवाली! थाप वाटते ना? पण त्या घराण्याने मिरीची गिरणी काढली १८७४ साली आणि पहिली मोटार १८८९ साली. यंत्र मात्र चोख हं. वरचे मोठे तिरपे दाते दाणा पकडून फोडतात, खालचे बारीक दाते त्याची पूड करतात. वास असा सुटतो की शेजारी शिंकतात.

सिरॅमिकवाले म्हणतात, आमच्याकडे गंजाची भानगडच नाही. खरंय, म्हणून त्यात मीठही खुशाल दळावं. पण आपटली की दाते तडकायची भीती, आणि मिरी कापली जाण्यापेक्षा भरडली जाते. माझं विचाराल तर मिरीला पोलाद, मिठाला सिरॅमिक. विषय संपला.

पण संपू देतील तर ना! तळमजल्यावरच्या वहिनींनी पोलादी गिरणीत सैंधव भरलं. तेही भर जुलैत! आठवड्याभरात मिठातून तांबूस काहीतरी पडायला लागलं आणि भावोजींनी ‘मसाला झकास’ म्हणत ते काकडीवर भुरभुरलं. दुसऱ्या एका काकांनी शोभेपायी गुलाबी मिरी भरली. ती मिरीच नव्हे हो, आंब्या-काजूच्या कुळातली! मऊ दाणे दात्यांत चिकटून बसले आणि गिरणी ठप्प. उकळत्या सुपावर गिरणी धरून पिळणारे तर दोन्ही तटांत आहेत. वाफ आत शिरते, पूड ओली होऊन दाते लिंपतात, मग दोष कंपनीला.

आणि कळस ऐका. याच लोकांच्या गावी, कोकणात, पोफळीवर चढलेल्या वेलाची मिरी दरवर्षी वाळते. ती पडलीये माळ्यावर, अन् गिरणीत मॉलमधली शिळी!

पुढच्या बैठकीत हा विषय घेणार म्हणे. अध्यक्ष स्वतः दहा रुपयांच्या पुडीतली तयार पूड वापरतात, असं त्यांच्या कामवाल्या मावशी सांगत होत्या. माझं नाव कुठे घेऊ नका बरं.